सात नंबरचा पिंगट

कल्पना करा, तुमच्यासमोर पांढऱ्या कापडावर केसांची एक बट ठेवली आहे. माणसाच्या डोक्यावरची, पिंगट. तुम्हाला अगदी त्याच रंगाची जुडी तयार करायची आहे. अट एकच, रंग वापरायचा नाही. समोर लाकडी कप्पे आहेत आणि त्यांत धुऊन वाळवलेले केस आहेत. काळे, करडे, तांबूस, पिवळट, आणि मधले कितीतरी, ज्यांना नावच नाही. त्यांतून उचलायचं, मिसळायचं आणि जुळवायचं.

तुम्ही बहुतेक सरळ पिंगट कप्प्यात हात घालाल आणि एकसारखे केस निवडाल. मीही तेच केलं होतं. ती जुडी खिडकीशी धरली तर बाहुलीच्या डोक्यावरून उपटल्यासारखी दिसत होती.

"छान," मावशी म्हणाली. "झाडू छान झालाय."

मग तिने समजावलं. खऱ्या डोक्यावरचा पिंगट कधीच एकसारखा नसतो. त्यात जवळजवळ काळे केस असतात, तांबडे असतात, काही तर गवतासारखे पिवळे असतात. जवळून बघितलं तर भांडण, लांबून बघितलं तर संसार. मिसळायचं कसं, तर टेबलाला एक फळी घट्ट बसवलेली असते आणि तिच्यावर टोकं वर केलेले खिळे असतात. दोन जुड्या एकत्र धरून त्या खिळ्यांतून ओढायच्या, दुमडायच्या, पुन्हा ओढायच्या. प्रत्येक केसाचं मूळ एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला राहिलं पाहिजे. एकही बट उलटी गेली तर विग धुतल्यावर त्याचा गुंता होतो आणि तो गुंता मग देवालाही सुटत नाही.

माझी थोरली मावशी हे काम विगच्या एका कारखान्यात करते. कारखाना म्हणजे बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत केस धुतात. तिथल्याच एका कोपऱ्यात पडदा लावून आरसा ठेवला आहे, गिऱ्हाइकाला विग घालून बघता यावा म्हणून. दुसरीत बायका लाकडी डोक्यांवर जाळी ताणून बसतात आणि बारीक आकड्याने एकेक केस गाठ मारून जाळीत बसवतात. तिसरी खोली मावशीची. तिची खिडकी उत्तरेला आहे, म्हणजे ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. या खोलीत ट्यूबलाइट लावायला बंदी आहे. "ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग रस्त्यावर गेले की एकमेकांना ओळखत नाहीत," असं ती म्हणते.

बाकीच्या रंगांचं काम कारखान्यात दुसरंही कोणी करतं. पिंगट मात्र मावशीकडेच येतो. तिला तो इतका चांगला का जमतो, हे तिथे कोणाला ठाऊक नाही. घरात मला एकटीला ठाऊक आहे. तिने लहानपणापासून एकाच पिंगट डोक्याकडे जळून बघितलं. ते डोकं माझ्या आईचं.

आई तिच्याहून चार वर्षांनी लहान. मावशी तिला अजून छोटी म्हणते. आजी सकाळी लवकर कामाला जायची, त्यामुळे छोटीची वेणी घालणं हे मावशीचं काम. मागच्या दाराच्या पायरीवर दोघी बसायच्या. छोटी खालच्या पायरीवर, मावशी वरच्या. मावशीचे स्वतःचे केस काळेभोर आणि जाड होते, घोड्याच्या शेपटीसारखे. छोटीचे पिंगट आणि मऊ. ऊन पडलं की ते आतून पेटल्यासारखे दिसायचे आणि मावशीचं पित्त खवळायचं.

"पाहुणे यायचे," मावशी सांगते, "की पहिला हात हिच्या डोक्यावर. अगंबाई, काय केस! मधासारखे! कोणावर गेली हो ही? मग कोपऱ्यात मी दिसायचे. मग त्यांना वाटायचं, हिलाही काहीतरी द्यायला हवं. म्हणून म्हणायचे, तुझेही दाट आहेत हो. त्या 'हो'चा मला इतका राग यायचा! भिकाऱ्याला शिळं वाढावं तसा तो 'हो'."

एकदा आजोबा दोघींना बाजारात घेऊन गेले आणि छोटी गर्दीत हरवली. लगेच सापडली. घरी आल्यावर आजोबा कौतुकाने सांगत होते, "हिचं बरं आहे. लांबूनही डोकं ओळखू येतं." मावशी तिथेच उभी होती. ती हरवली असती तर काय, असा विचारसुद्धा कोणाच्या मनात आला नाही. पुढच्या वेळी बाजारात ती मुद्दाम मागे राहिली, बघू तरी म्हणून. आजोबा तिला शोधत आले खरे, पण आल्या आल्या कान पिरगळला.

सूड घ्यायचा तर तो रोज सकाळी हातातच असायचा. मावशी वेणी इतकी घट्ट घालायची की आई म्हणते, "माझ्या भुवया वर जायच्या. शाळेत दिवसभर मी चकित दिसायचे. बाई विचारायच्या, कळलं नाही का? मी म्हणायचे, कळलंय, वेणी घट्ट आहे." कधी मावशी दुप्पट तेल चोपडायची, केस जरा काळे दिसावेत म्हणून. तेलाने ते आणखीच चमकायचे. मग ती स्वतःवरच चिडायची.

पुढे आई नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी गेली. तिथे थोडे दिवस वेणी सांभाळली, पण टोपी नीट बसेना, म्हणून कापून टाकली. सुट्टीत आली ती आखूड केस घेऊन. नंतर वयाबरोबर तिचे केस गडद होत गेले, मग पिकले. पायरीवरचा तो रंग मावशीने पुन्हा कधी पाहिला नाही. एखाद्याला वाटेल, संपलं. पण हेवा हा असा भाडेकरू आहे की घर पडलं तरी खोली सोडत नाही.

कारखान्यात ती लागली ती धुलाईला. तेव्हा तिथे नमुन्यांची एक कडी होती. लोखंडी कडीत अडकवलेल्या केसांच्या बटा, एक नंबर काळा, मग क्रमाने उतरत जाणारे. सात नंबर म्हणजे पिंगट. तो इतका निर्जीव होता की गिऱ्हाइकं नाक मुरडायची. मालक वैतागले होते. एके दिवशी मावशीने जेवणाच्या सुट्टीत गुपचूप खिळ्यांच्या फळीवर एक जुडी मिसळली. समोर नमुना नव्हता. डोळे मिटले की पायरी दिसायची, वेणी दिसायची, तेवढ्यावर. जुडी मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती खिडकीशी नेली, उलटी केली, सुलटी केली.

"हा नमुना कोणाचा?"

"कोणाचा नाही. असाच."

"असाच असा होत नाही," मालक म्हणाले, पण त्या दिवसापासून कडीतला जुना सात नंबर गेला आणि मावशीचा आला. धुलाईतून ती खिडकीच्या खोलीत आली.

सात नंबर चालला, खूप चालला. नाटकवाले नेतात, केस गेलेले आजारी लोक नेतात, ज्यांचे केस ठणठणीत आहेत तेही नेतात. मावशीने तो रंग कोणाच्या केसांचा हे कारखान्यात कधी सांगितलं नाही. आईलाही नाही. मला सांगितलं तेही हळूच, जुडी मुठीत आवळून. "तिच्या डोक्यावर होते तेव्हा माझे नव्हते," ती म्हणाली, "आता म्हणशील तितके आहेत. गाडाभर."

मी तेव्हा शिकत होते आणि शिकलेलं सांगायची मला फार हौस. मी तिला म्हटलं, "मावशी, काळे आणि पिंगट केस वेगळे नसतातच. रंगद्रव्य तेच. काळ्यात ते जास्त असतं, पिंगटात कमी."

"म्हणजे माझ्याकडे जास्त होतं?"

"हो."

"आणि तिच्याकडे कमी?"

"हो."

मावशीने थोडा विचार केला. "मग जास्तवालीने कमीवालीवर जळायचं, हा कुठला हिशेब?" आणि काकांकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, वळून म्हणाली, "ऐकलंत का?" काकांना पूर्ण टक्कल आहे. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "माझ्याकडे दोन्ही नाही. मी सुखी आहे."

गेल्या वर्षी आईला मोठा ताप आला. बरी झाली, पण केस मुठीमुठीने गेले. डोक्याला स्कार्फ बांधून ती पुन्हा दवाखान्यात कामाला जाऊ लागली. विचारलं की म्हणायची, "येतील परत. घाई कसली?" मावशी रोज डबा घेऊन यायची. समोर बसायची आणि स्कार्फकडे बघायची. तिने नंतर मला सांगितलं, "पहिल्या दिवशी तो स्कार्फ बघितला ना, मनात कुठेतरी गार वाटलं. खोटं कशाला बोलू? आणि मग घरी जाऊन रडले, की गार का वाटलं."

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ती वाट बघत होती. छोटीला आता केस लागणार. केस कोणाकडे आहेत? माझ्याकडे. ती मागायला येणार, आणि मी देणार. मावशीने कप्प्यांतले उत्तम केस वेगळे काढले आणि सात नंबरची एक जुडी मिसळली. बाकीच्या सगळ्या सात नंबरांना लाज वाटावी अशी. ती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. कोणी हात लावला तर खेकसायची. मला तिचं ते वाट बघणं दिसत होतं. आईकडे गेली की ती विषय फिरवून फिरवून केसांवर आणायची. "आजकाल विग कळतसुद्धा नाहीत, नाही?" आई म्हणायची, "हो का? भाजी घे ना अजून."

एक शब्द हवा होता तिला. ताई, मला करून दे. तेवढाच. तो काही आला नाही.

दरम्यान कारखान्यात एक काम आलं. मालकांनी मावशीच्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. आत कापलेली एक जुनी वेणी होती.

"एका बाईंचं आहे. हुबेहूब हाच रंग हवा."

"नाव?"

"नाव नको म्हणाल्या."

"नटी असणार," शेजारच्या खोलीतून आवाज आला. ही गाठी मारणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी. बोलणं टोचरं, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. "नाव न सांगणारी बाई एकतर नटी, नाहीतर नवऱ्याची बॉस."

मावशीने वेणी उलगडून पांढऱ्या कापडावर पसरली, बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"हे? हे जुळवायचं? अहो, चहाचा चोथा आहे हा. इतक्या मिळमिळीत रंगासाठी हुबेहूब कशाला हवं? माझा सात नंबर द्या त्यांना, पाया पडतील."

मालकांना एकदम खोकला आला. खोकत खोकतच ते म्हणाले, "नमुना म्हणजे नमुना, बाई. आपलं मत कोणी विचारलेलं नाही." आणि निघून गेले.

मावशी काम कधी वाईट करत नाही. तोंडाने चोथा चोथा म्हणत तिने तो रंग जुळवलाच. करडे जास्त लागले, तांबडे कमी, पिवळे जवळजवळ नाहीतच. जुडी वेणीशेजारी ठेवली तेव्हा टाचणीलाही वेणी कोणती आणि जुडी कोणती ते सांगता आलं नाही. मग जुडी गाठींना गेली आणि यथावकाश विग तयार झाला.

विग घालून बघायला ती बाई येणार होती त्या दिवशी मावशीची सुट्टी होती. मालकांनी मुद्दामच तो दिवस निवडला होता. पण टाचणीने नटी हा शब्द उच्चारला होता आणि मावशीला घरी चैन पडेना. ती कारखान्यात आली, पहिल्या खोलीतल्या पडद्याशी गेली आणि आतल्या बाईला म्हणाली, "बाई, मीच केस जुळवलेत. मागून कसा बसलाय जरा बघू का?" आणि उत्तराची वाट न बघता पडदा सारला.

आरशात माझ्या आईचा चेहरा होता.

"छोटी?"

"ताई! तुझी आज सुट्टी आहे ना?"

"म्हणून आज आलीस होय!"

दारात उभे असलेले मालक म्हणाले, "मी चहा सांगतो," आणि चहा सांगायला स्वतःच जिना उतरून गेले.

"सख्खी बहीण इथे डोळे फोडून केस जुळवतेय," मावशी म्हणाली, "आणि तू चोरासारखी येतेस?"

"चोरासारखी कुठे? जिन्याने आले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू करून दिलं असतंस."

"मग? आता कोणी केलं?"

"तूच. पण माझं आहे हे माहीत नसताना केलंस. मला तसंच हवं होतं."

"म्हणजे काय?"

"जाऊ दे. तू रागावशील."

"रागावलेलीच आहे. बोल."

आई विगच्या कडेशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, माझं आहे म्हटल्यावर तुझा हात आखडेल. मुद्दाम नाही गं. थोडासाच, आपोआप. वेणी कशी ओढायचीस, विसरलीस का?"

तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून टाचणीचा आवाज आला, "अगं बाई, म्हणजे तो चहाचा चोथा हिचा होता?"

"कसला चोथा?" आईने विचारलं.

"टाचणे, तू गाठी मार!" मावशी ओरडली. मग आरशापुढे ठेवलेली नमुन्याची वेणी उचलून म्हणाली, "ही कोणाची?"

"माझी. टोपीसाठी कापली होती ती. मी तिकडून आईकडे पाठवली होती. आईच्या पेटीत कागदात गुंडाळून होती."

"आईने तुझी वेणी जपून ठेवली? आणि माझी?"

"तुझी कधी कापलीच नाही, ताई."

हे खरं होतं, पण त्याने मावशीचं समाधान झालं नाही. ती वेणी खिडकीशी घेऊन गेली, परत आली. "ही तुझी नाही. तुझे केस असे नव्हते."

"माझे केस कसे होते, ते तू मला सांगणार?"

"हो, मीच सांगणार! तू कधी बघितलेस? वेणी तुझ्या पाठीवर असायची. हातात माझ्या असायची. रोज!"

आईने यावर वाद घातला नाही. तिने खरंच विचार केला असावा. मावशी आपल्या खोलीत गेली, वरच्या फळीवरून ती गुंडाळी काढली आणि आईला खिडकीशी ओढत नेलं. पांढऱ्या कापडावर एका बाजूला वेणी ठेवली, दुसऱ्या बाजूला जपून ठेवलेली सात नंबरची जुडी.

"हे तुझे केस. असे होते. हा विग राहू दे, याचे पैसे मी भरते. मी दुसरा करून देते, या रंगाचा. मी स्वतः उभी राहून गाठी मारून घेते."

आईने ती जुडी हातात घेतली. बराच वेळ बोटांवरून फिरवली. मावशीला हवं असलेलं अखेर समोर आलं होतं. छोटीचे केस तिच्या हातातून छोटीच्या हातात चालले होते. आता छोटीने फक्त हो म्हणायचं होतं.

"किती सुंदर आहेत गं," आई म्हणाली.

"आहेतच."

"पण ही मी नाही. हे घालून दवाखान्यात गेले तर पेशंट विचारतील, आमच्या सिस्टर कुठे गेल्या?" तिने जुडी हलकेच कापडावर ठेवली. "मला माझे परत हवेत, ताई. चांगले नकोत."

आणि ती आरशाकडे गेली.

मावशी म्हणते, दुकानात आपण न परवडणारं कापड ठेवतो तशी छोटीने ती जुडी ठेवली नाही. दुसऱ्याच्या घरची वस्तू बघून झाल्यावर ठेवतो तशी ठेवली. मनात काही उरत नाही. तेच मावशीला लागलं. जिच्यासाठी ती इतकी वर्षं जळली, ती गोष्ट हिला नकोच होती. फुकट मिळत असताना नको होती.

पण काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नाही. ती मागे गेली, मानेजवळचे केस कातरीने सारखे केले, कानाजवळची बट मोकळी सोडली. विग बसला. चहाच्या चोथ्याच्या रंगाचा, साधासुधा. आईने मान हलवून बघितली, उजवीकडे, डावीकडे, आणि हसली. तापानंतर पहिल्यांदाच ती आरशात बघून हसली होती.

"आणि तेवढ्यात," मावशी मला म्हणाली, "मेलं, पुन्हा जळले गं! तोच चोथा, मीच मिसळलेला, आणि तिच्या डोक्यावर चढला तर काय शोभला! माझ्यात काही वाकडंच आहे."

टाचणी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "वाकडं नाही. सवय आहे. सवयीला औषध नाही."

मला हे सगळं त्याच आठवड्यात कळलं, कारण मावशीने मला कारखान्यात बोलावून घेतलं. जिन्यात खालच्या बेकरीचा गरम पावांचा वास भरला होता आणि ती वरून हाका मारत होती, लवकर ये, उजेड जाईल. आईने वेणी तिच्याकडेच राहू दिली होती. ती आणि सात नंबर शेजारी शेजारी ठेवून तिने मला विचारलं, "तू शिकलेली आहेस. सांग. पेटीत राहून केसाचा रंग उतरतो का?"

मी म्हटलं, उन्हात उतरतो. अंधारात फारसा नाही. थोडा बदलेल कदाचित.

"तेच. माझ्या कप्प्यात कितीक वर्षांचे केस पडलेत. इतका नाही उतरत." हे तिला स्वतःला ठाऊकच होतं. तरी तिने मला विचारलं होतं, चुकून मी वेगळं काही सांगेन म्हणून.

मग मला एक गोष्ट आठवली. पिंगट हा मोठा परावलंबी रंग आहे. टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर पिंगट दाखवायला वेगळा दिवा नसतो. मंद नारिंगी ठिपक्याभोवती लख्ख उजेड असला की डोळा त्याला पिंगट म्हणतो, आणि भोवती अंधार केला की तोच ठिपका पुन्हा नारिंगी होऊन चमकतो. मी मावशीला म्हटलं, "ही वेणी पांढऱ्या कापडावर का ठेवतेस? काळे केस दे."

तिने एक नंबरच्या कप्प्यातून काळ्याभोर केसांची मोठी जुडी काढली आणि टेबलावर पसरली. मी वेणी तिच्यावर ठेवली.

वेणी बदलली. सात नंबर झाली नाही, पण चोथाही राहिली नाही. कडांना तांबूस झाक आली, मधे कुठेतरी मधासारखं काहीतरी हललं. मी वेणी पुन्हा पांढऱ्यावर ठेवली, मेली. काळ्यावर ठेवली, जिवंत झाली. मावशीने मला तसं पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेवटी तिने वेणी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच करत राहिली.

"पायरीवर मी वरती बसायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी वेणी पुढे पडायची, तिच्या खांद्यावर. मी सारखी मागे टाकायचे, ती सारखी पुढे यायची."

मी काळी जुडी तिच्याकडे सरकवली.

"पाहुणे आले तरी आम्ही शेजारी शेजारीच उभ्या. बाजारात गेलो तरी हात धरून." ती वेणी काळ्या जुडीवरून अलगद उचलून बघू लागली, परत ठेवली. मग एकदम भडकली. "म्हणजे तिचं कौतुक माझ्या जिवावर! मी काळी बाजू धरून उभी, आणि लोक म्हणतायत मध, मध! आणि मला काय, दाट आहेत हो!"

मी म्हटलं, तसंच असेल असं नाही. सकाळचं ऊन होतं, तेल होतं. आणि सात नंबर इतका तर नाहीच झाला. उरलेलं कुठून आलं, हे मला सांगता येणार नाही. तिने माझं पुढचं ऐकलंच नाही.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच घोळतं आहे. आई नर्सिंगला गेली तेव्हा काही दिवस ती पूर्ण वेणी घेऊन तिकडे वावरत होती. नवे लोक, नव्या मुली. मावशी मात्र इकडे घरी. हे ती मला सारखं सांगते. आईला विचारायला म्हणून फोन लावते, मग गोळ्या घेतल्यास का विचारते, विग कसा धुवायचा ते सांगते, मूळ कुठे आणि टोक कुठे, कोमट पाणीच घे, पिळू नकोस, आणि फोन ठेवते. मी म्हटलं, विचारून टाक ना एकदाचं. ती म्हणते, तिने हो म्हटलं तर मी पुन्हा जळणार, आणि नाही म्हटलं तर इतकी वर्षं जळले त्याचं आता काय करू?

पण तिला विचारायचं आहेच. परवा फोन ठेवल्यावर तिने ते बंद फोनलाच विचारलं, मी समोर बसलेली असताना.

"तिकडे गेलीस, छोटी, केस कापायच्या आधी, आणि शेजारी मी नव्हते, तेव्हा कोणी तुझ्या केसांना काही म्हणालं का गं?"